नानांच्या वाटचं मीठ

"मीठ कमी करा, हे कुणाला सांगताय डॉक्टर?" पुंजाराम गांगुर्डे खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. "एकलहऱ्याच्या थर्मल पॉवर स्टेशनला डीएम प्लांटवर उभी हयात गेली माझी. डीएम प्लांट म्हणजे काय, माहितीय? बॉयलरला जे पाणी जातं ना, त्यातला मिठाचा कण न् कण आधी काढायचा. पाण्यात मीठ राहिलं की नळ्यांना आतून थर बसतो. थर बसला की नळी फुटते. नळी फुटली की युनिट बंद आणि निम्म्या जिल्ह्यात अंधार. माझ्या पाळीत एक नळी फुटलेली नाही. आणि तुम्ही मला मीठ शिकवता?"

"मी शिकवत नाहीये," डॉ. शिरसाठ हातातला रबरी पट्टा गुंडाळत म्हणाले. "तुमचं प्रेशर एकशेऐंशी आहे. मीठ कमी करा आणि ही गोळी रोज घ्या, एवढंच म्हणतोय."

"कमी हा शब्द आमच्या प्लांटवर नव्हता. मीठ बंद. आजपासून बंद."

साल नव्याण्णव. पुंजाराम गांगुर्ड्यांना अख्खं नाशिकरोड नाना म्हणत असे, आणि या नानांचा जीव तेव्हा एका लुनाच्या किल्लीत अडकला होता. झालं होतं असं, की नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उजवा तर पार पिकला होता. तशा डोळ्यांनी त्यांनी जेल रोडला भर दुपारी द्राक्षांच्या हातगाडीत लुना घातली. वर उठून उभे राहिले ते त्या हातगाडीवाल्यालाच झापायला, की गाडीला मागे दिवा का नाही. त्या दिवशी मुलाने, भारतने, लुनाची किल्ली काढून घेतली आणि अंबडच्या कंपनीत स्वतःच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवली. डोळ्याचं ऑपरेशन झाल्याशिवाय किल्ली मिळणार नाही, असं त्याने बापाला तोंडावर सांगितलं.

बरं, ऑपरेशनला नाना तयार होते. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रेशर पाहिलं आणि हात जोडले. एवढ्या प्रेशरला मी डोळ्याला सुरी लावणार नाही, म्हणाले, आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून हे खाली आणा. म्हणजे बघा, डोळा प्रेशरवर अडला, लुना डोळ्यावर अडली, आणि रोज सकाळी एकलहऱ्याच्या गेटावर जाऊन जुन्या मित्रांबरोबर चहा पिणारा माणूस घरात बसून गोजराबाईंकडून पेपर वाचून घेऊ लागला. गोजराबाई नानांची बायको. त्या पेपरात फक्त दोनच गोष्टी वाचत, कांद्याचा भाव आणि कोण गेलं. मधलं जग चाललंय की बुडालंय, याचा नानांना पत्ता लागत नव्हता आणि त्याचा त्यांना भयंकर संताप येत होता.

त्या संध्याकाळी नानांनी घरात फर्मान काढलं. सून मंजुषा ओट्याशी होती. "सूनबाई, फोडणीत भाजी पडली की मीठ घालायच्या आधी माझी वाटी बाजूला काढायची. वरणाचं तेच. पिठाचं तेच. मग बाकीच्यांचं तुम्ही खारट करा नाहीतर तुरट करा, मला देणंघेणं नाही."

मंजुषाने मान हलवली आणि सांगितलं तसं केलं. रात्री ताट आलं. कोबीची भाजी, वरण, पोळी. नानांनी पहिला घास घेतला. घास तोंडात इकडून तिकडे फिरला, पण खाली उतरायला तयार होईना. ते पाणी प्यायले. दुसरा घास घेतला. मग "आज भूकच नाही मला" असं म्हणून ते उठले, हात धुतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. गोजराबाई बराच वेळ त्या भरल्या ताटाकडे बघत बसल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण हा माणूस ताटावरून उपाशी उठला असं एकदाही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही मंजुषाने बिनमिठाचंच बाजूला काढलं. गोजराबाईंनी स्वतः वाढलं. नानांनी भीतभीत घास घेतला आणि चक्क तो उतरला. दुसरा त्याहून बरा उतरला. तिसऱ्याला नाना मान हलवू लागले. आठवडा संपता संपता ते ताट चाटूनपुसून जेवत होते.

"बघितलंस?" ते भारतला म्हणाले. "जीभ म्हणजे काय, एक मशीन आहे. सेटिंग बदललं की झालं. मला तर आता बिनमिठाचंच रुचतं."

भारत थक्क झाला. त्याला बापाच्या हट्टाची माहिती होती, पण हा हट्ट जिभेच्याही आत पोचेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मग काय विचारता. नाशिकरोडच्या मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या निवृत्त मंडळींना नानांचं व्याख्यान सुरू झालं. "मिठाची गरजच नाही हो माणसाला. भाजीत देवाने मूळचं मीठ घातलेलंच असतं. आपण वरून घालतो म्हणून ते कळत नाही. मला आता बटाट्यातलं मूळचं मीठ वेगळं लागतं, मेथीतलं वेगळं लागतं. आणि कोबीत तर इतकं असतं की विचारू नका."

या व्याख्यानाचा पहिला बळी झाला झुंबर आव्हाड. झुंबर थर्मललाच इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होता, प्लांटमधले काटे आणि मीटर बरोबर दाखवतात की नाही ते तपासणं हे त्याचं काम. त्यालाही प्रेशर होतं. नानांचं ऐकून त्याने घरी जाऊन मीठ सोडल्याचं जाहीर केलं. त्याची बायको सखुबाई एकदा ऐकलेलं विसरणाऱ्यातली नव्हती. तिने त्या दिवसापासून त्याला चिमूटभर मीठ दाखवलं नाही.

चार दिवसांनी झुंबर मैदानावर आला तो उतरलेल्या तोंडाने. "नाना, मला नाय लागत ते मूळचं मीठ."

"कोबी खाल्लास?"

"खाल्ला की. कोबीत मला कोबीच लागतो."

"मनाचा निग्रह नाही तुझ्यात," नाना म्हणाले. "जीभ लाडावलेली आहे. माझ्याकडे बघ."

झुंबरने बघितलं. नाना खरंच तजेलदार दिसत होते, नुकतेच पोटभर जेवून आलेल्या माणसासारखे. तो बिचारा मान खाली घालून घरी गेला आणि आणखी कोबी खात बसला.

महिन्याने नाना ऐटीत डॉ. शिरसाठांकडे गेले. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा चढला, उतरला. त्यांनी परत एकदा मोजलं. मग चष्म्यावरून नानांकडे पाहिलं.

"नाना, एकशेनव्वद आहे. मीठ बंद आहे ना?"

"बंद म्हणजे? महिनाभर मिठाचा खडा पोटात गेलेला नाही!"

"गोळी?"

"रोज. घड्याळ लावून घ्या तुमचं माझ्या गोळीवर." नानांचे कान लाल झाले. "डॉक्टर, एक सांगा. हे तुमचं यंत्र शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तपासून कधी घेतलं? आमच्याकडे प्रत्येक गेजवर तारीख चिकटवलेली असायची. तुमच्या यंत्रावर मला तारीख दिसत नाही."

"तुम्हाला मोतीबिंदू आहे, नाना."

"ते असू दे. तारीख आहे का?"

तारीख नव्हती. नानांनी बाहेर येऊन झुंबरला फोन लावला आणि तो येईपर्यंत दवाखान्यातल्या बाकावर हाताची घडी घालून बसून राहिले. झुंबर आला. त्याने पाऱ्याची नळी उजेडात धरली, रबरी नळीला कान लावला, फुगा दाबून पारा कुठे टिकतो ते पाहिलं. डॉ. शिरसाठ सज्जन माणूस, ते हे सगळं शांतपणे बघत राहिले. रांगेतले पेशंटही उठून दारात येऊन उभे राहिले.

"यंत्र चोख हाय नाना," झुंबर म्हणाला.

"खात्री काय? एखाद्या दुसऱ्या माणसावर लावून बघितल्याशिवाय खात्री काय?"

डॉक्टरांनी झुंबरच्याच दंडाला पट्टा बांधला. पारा चढला, उतरला, आणि डॉक्टरांचा चेहरा उजळला. "वा, आव्हाड. एकशेतीस. मागच्या वेळी केवढं होतं तुमचं. काय केलंत?"

"काय नाय. कोबी खातोय," झुंबर रडवेल्या आवाजात म्हणाला.

यावर नानांना काय वाटलं असेल, याची कल्पना करा. गुरू इथे एकशेनव्वदवर, आणि ज्याला निग्रह नाही, ज्याची जीभ लाडावलेली, तो शिष्य एकशेतीसवर. हा सरळसरळ अन्याय होता. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि जोडीला लघवी वाढवणारी एक गोळी दिली, अंगातलं मीठ त्या वाटेने निघून जावं म्हणून. ती मात्र नानांना पटली. "ब्लोडाऊन," ते म्हणाले. "बॉयलरमध्ये क्षार जमले की थोडं पाणी खालून सोडून द्यायचं. हे मला आधी का नाही दिलंत?" पण या ब्लोडाऊनला त्यांच्या सोयीची वेळ कळत नसे. मैदानावर निग्रहाचा मुद्दा रंगात आला की नेमकं त्यांना व्याख्यान तिथेच टाकून भिंतीच्या आडोशाला पळावं लागे, आणि श्रोते पांगत.

तरीही प्रेशर उतरलं नाही. तेव्हा नानांनी विचार केला, की मीठ तोंडातून जात नाही तर ते जातंय कुठून? उत्तर एकच होतं. पाणी! एवढा डीएम प्लांटचा माणूस, आणि आपल्या घरच्या नळाकडे आपलं लक्षच गेलं नाही, म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांनी नळाच्या पाण्याची बाटली भरली आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जाऊन तिथल्या साहेबांच्या टेबलावर आपटली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"हे तुम्ही मला सांगा. यात मीठ किती आहे?"

"काका, हे पिण्याचं पाणी आहे."

"तेच मी म्हणतोय. पिऊन दाखवा."

साहेब ग्लासात ओतून पाणी प्यायले आणि तोंड पुसून चांगलं आहे म्हणाले. नानांचं समाधान झालं नाही. ती बाटली त्यांनी एकलहऱ्याच्या लॅबमध्ये जुन्या ओळखीने पाठवली. पाणी उत्तम असल्याचा निरोप आला. मग संशय औषधाच्या दुकानदारावर गेला, गोळ्या खडूच्या आहेत म्हणून. दुकानदाराने हात जोडून सांगितलं, की नाना, याच डब्यातल्या गोळ्या झुंबरभाऊ घेतात. झुंबरचं नाव ऐकून नाना तिथून निघूनच गेले.

या सगळ्या काळात गोजराबाई मात्र रोज निगुतीने वाढत होत्या. नाना बाहेरून तणतणत आले, की "जाऊ द्या, जेवा आधी," असं म्हणून त्या ताट पुढे सरकवत. त्या ताटावर बसलं की नानांना जरा बरं वाटायचं. अलीकडे तर भाज्यांमधलं मूळचं मीठ वाढल्यासारखं त्यांना लागत होतं. यंदा पाऊस कमी झाला म्हणून असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

अखेर गोळ्या चौपट करून, मध्ये दोन दिवस घरातून कुठेही न जाऊ देऊन, डॉ. शिरसाठांनी प्रेशर एकदाचं जरा खाली आणलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तारीख मिळाली. भारतने रजा टाकली. लुनाची किल्ली लॉकरमधून काढून त्याने खिशात आणली होती, ऑपरेशन झालं की नानांच्या हातात ठेवायला. गोजराबाईंनी सकाळी नानांना पोटभर जेवू घातलं. नानांना हिरवा गाऊन चढवला, टेबलावर झोपवलं, उजव्या डोळ्याच्या पापण्या बारीक कात्रीने कापल्या, डोळ्यात थेंब टाकले. शेवटचं म्हणून नर्सने प्रेशर घेतलं.

ते दोनशे निघालं.

नाना बाहेर आले ते एका डोळ्याला पापण्या आणि दुसऱ्याला नाहीत, अशा अवस्थेत. त्यांचा उजवा डोळा एखाद्या सोललेल्या लिंबासारखा दिसत होता. "पापण्या कापून घेतल्या आणि परत पाठवलं," ते रिक्षातून घरापर्यंत सगळ्या नाशिकला ओरडून सांगत होते. "ऑपरेशन करायचं नव्हतं तर माझ्या पापण्यांवर हात का टाकला? याला काय कायदा आहे की नाही?" भारतने खिशातली किल्ली नुसती हाताने चाचपली आणि दुसऱ्या दिवशी परत लॉकरमध्ये ठेवली.

डॉ. शिरसाठांनी मग सगळ्या घरालाच बोलावून घेतलं. नाना, गोजराबाई, भारत, मंजुषा, सगळे त्यांच्या टेबलासमोर ओळीने बसले. डॉक्टर या वेळी हसत नव्हते.

"हे बघा," ते म्हणाले. "डोळ्याचं राहू द्या बाजूला. एवढ्या प्रेशरला मेंदूतली रक्तवाहिनी फुटू शकते. एक बाजू लुळी पडेल, नाहीतर त्याहून वाईट होईल. हृदयावरही ताण आलेला आहे. मी याहून जास्त गोळ्या देऊ शकत नाही. माझा एकच प्रश्न आहे आणि मला खरं उत्तर हवंय. यांच्या पोटात मीठ कोण घालतंय?"

"मी भाजी आधीच काढून ठेवते डॉक्टर," मंजुषा म्हणाली. "आई समोर असतात. विचारा त्यांना."

"बरोबर हाय," गोजराबाई म्हणाल्या. "सून पोरगी गुणाची हाय. तिनं एक दिस चुकवलं नाय."

"मग तुम्ही?"

"मी यांच्या ताटात मीठ टाकलं आसंल तर गडावरची आई मला बघून घील."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. नाना विजयाने सगळ्यांकडे बघत होते, म्हणजे निदान त्या दिशेला बघत होते. पण गोजराबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "नळी फुटंल म्हणालात, ते खरंच का? पण आसं कसं व्हईल? मी तर इतकं कडक पथ्य पाळतेय."

"तुम्ही?"

"मंग? दोन महिने झाले, मिठाचा कण नाय घातला मी तोंडात. दोनदा यांचं वाढलं तवा मी ताक बी सोडलं, भाकरीसंगं नुसती मिरची खाते. आन् तरी यांचं उतरत नाय. माझ्याच पथ्यात कुठं खोट ऱ्हायली आसंल."

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "आजी, पथ्य यांना सांगितलंय. तुम्ही कशाला पाळताय?"

"यांच्या वाटचं." गोजराबाईंनी पदराने नाक पुसलं. "त्या पहिल्या रातीला हा माणूस ताटावरून उपाशी उठला. भिंतीकडं तोंड करून झोपला. मला नाय बघवलं. म्हणलं, यांना झेपायचं नाय, यांच्या वाटचं मीठ मी सोडते."

"आणि यांना?"

गोजराबाईंनी कमरेची चंची सोडली. तिच्यातून एक छोटी पितळी डबी निघाली. ती त्यांनी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी झाकण उघडलं. आत फिकट गुलाबी पूड होती. त्यांनी बोट लावून जिभेवर टेकवलं.

"हे मीठच आहे."

"मीठ कसं आसंल?" गोजराबाईंना आता रागच आला. "शेंदेलोण हाय ते. उपासाला चालतं. जे उपासाला चालतं ते पथ्याला चालत नाय व्हय?"

"किती घालत होता?"

"आधी चिमूटभर. मंग हे दवाखान्यातून हबकून आले की जरा सढळ हातानं. त्या पापण्या कापल्या त्या दिवशी सकाळी तर चांगलं दोन चिमटी घातलं, आपरेशनला ताकद ऱ्हावी म्हणून. यांना कुठं दिसतंय?"

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. "अहो आजी, पथ्य असं दुसऱ्याच्या वाटचं करता येत नाही. ज्याचं प्रेशर त्यानेच मीठ सोडायचं असतं."

"का बरं?" गोजराबाई ताठ बसल्या. "वटपौर्णिमा कोण धरतं? मी. हरताळकेला निरंकार कोण ऱ्हातं? मी. सोमवार कुणाचे? माझेच. आन् आयुष्य कुणाचं वाढतं? यांचं. चाळीस वर्सं उपाशी मी ऱ्हायले आन् गुण यांना आला, तवा एक डॉक्टर मला म्हणला नाय की बाई, ज्याचं आयुष्य त्यानं उपास करावा. आन् आता एक मिठाचं धरलं तर चालत नाय?"

डॉ. शिरसाठांना कॉलेजात हृदय शिकवलं होतं, फुप्फुसं शिकवली होती, पण याचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं. मंजुषा पदर तोंडात धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. भारत बुटांकडे बघत होता.

सगळ्यांत शेवटी नानांचा आवाज आला, आणि तो खूप बारीक होता. "गोजरा, म्हणजे कोबीतलं ते मूळचं मीठ..."

"मीच टाकलेलं."

"आणि मेथीतलं?"

"ते बी."

नानांना खरं तर चिडायचं होतं. यंत्रावर चिडून झालं होतं, पाण्यावर झालं होतं, दुकानदारावर झालं होतं, आणि आता कुठे खरा गुन्हेगार समोर सापडला होता. पण तो गुन्हेगार दोन महिने त्यांच्यासाठी मिरचीशी भाकरी खात होता. अशा माणसावर चिडायचं तरी कसं, हे त्यांना जमेना, आणि त्याचाच त्यांना सर्वांत जास्त संताप आला.

डॉक्टरांनी जाता जाता गोजराबाईंच्याही दंडाला पट्टा बांधला. एकशेदहा. "उत्तम आहे," ते म्हणाले. "एकदा साखरही तपासून घेऊ. आणि आजी, आता नीट ऐका. प्रत्येकाचं पथ्य प्रत्येकाने आपल्या तोंडाने करायचं. कळलं?"

"कळलं," गोजराबाई म्हणाल्या.

त्या रात्रीपासून नानांचं खरं पथ्य सुरू झालं. डबी डॉक्टरांनीच ठेवून घेतली होती. नानांनी कोबीचा घास घेतला. तो तोंडात इकडून तिकडे फिरला. घरातले सगळे श्वास रोखून बघत होते. नानांनी तो कसाबसा गिळला आणि दुसरा उचलला. डोळ्यांत पाणी आलं तरी ते ताटावरून उठले नाहीत. समोर गोजराबाई मीठ घातलेली भाजी जेवत होत्या आणि प्रत्येक घासाला अपराध्यासारख्या त्यांच्याकडे बघत होत्या. तिच्यासमोर उपाशी उठायचं नाही, एवढं एकच नानांनी ठरवलं होतं.

मैदानावर बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. सगळे वाट बघत होते. झुंबर पुढे आला आणि त्याने अगदी आदराने विचारलं, "नाना, आता कोबीत काय लागतं?"

"कोबी," नाना म्हणाले आणि चालायला लागले.

प्रेशर मात्र उतरलं. इतकं भराभर उतरलं, की मिठाला पुरून उरण्यासाठी वाढवलेल्या गोळ्या आता जास्त होऊन नानांना उठताना चक्कर येऊ लागली आणि डॉक्टरांना त्या एकेक करून कमी कराव्या लागल्या. पापण्या परत उगवल्या, परत कापल्या गेल्या, आणि या वेळी ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा निघाला, आणि नानांना जग असं स्वच्छ दिसलं की त्यांनी भिंतीवरचे चार डाग दाखवून आधी भारतलाच झापलं. भारतने हसत लुनाची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. नानांनी ती उचलून खिशात टाकली. आता चहा झाला की थेट एकलहऱ्याचं गेट.

तेवढ्यात मंजुषा गोजराबाईंचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडून आली. "आई, तुमची साखर वाढलीय. डॉक्टर म्हणाले, आजपासून गोड बंद. चहासुद्धा बिनसाखरेचा."

"आसं व्हय," गोजराबाई म्हणाल्या. त्यांना फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. त्या उठल्या, आत गेल्या आणि दोन कप घेऊन आल्या. एक त्यांनी नानांपुढे ठेवला.

नानांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "यात साखर नाही."

"नायच," गोजराबाई म्हणाल्या. "माझं पथ्य हाय ना. चाळीस वर्सं तुमच्यासाठी मी केलं. आता तुमची पाळी."

"अगं, पण डॉक्टर काय म्हणाले होते? ज्याचं त्याने आपल्या तोंडाने—"

"तुमचं मीठ सुटलं, तशी साखर बी सुटंल." त्यांनी साखरेचा डबा ओढला, चमचा आत घातला आणि आपल्या कपावर धरला.

"गोजरा! ती साखर खाली ठेव!"

"वरडू नका," गोजराबाई शांतपणे म्हणाल्या. "प्रेशर वाढंल."

नानांनी आपला बिनसाखरेचा कप पुन्हा उचलला. ऑपरेशन मात्र उत्तम झालं होतं, यात शंका नाही. समोरच्या कपात पडणारा साखरेचा दाणा न् दाणा त्यांना स्वच्छ दिसत होता.